मोठी ग्रिल की दुसरी ग्रिल?



बर्फ वितळला, घड्याळं तासभर पुढे सरकली आणि दुकानांच्या जाहिरातींत हिरवळीवर चकचकीत ग्रिल मांडून हसणारी कुटुंबं दिसू लागली, की आमचा फोन वाजायला लागतो. स्वयंपाकाचं सदर लिहिणाऱ्या बाईला लोणच्यातल्या मिठापासून कुकरच्या शिटीपर्यंत काहीही विचारायचा हक्क वाचकांना आहे, तो मला मान्यच आहे. यंदा मात्र तीन वेगवेगळ्या गावांतून एकच प्रश्न आला: "आमची ग्रिल आता पुरत नाही हो. केवढी मोठी घ्यावी?"

प्रश्न रास्त आहे. इकडे आल्यावर पहिल्या चार-पाच वर्षांत आपण जी ग्रिल घेतो ती नवरा-बायको आणि एखादं लहान मूल एवढ्याच बेताची असते. मग घर होतं, मागे अंगण येतं, डेक येतो. मुलं मोठी होतात आणि त्यांच्याबरोबर त्यांचे मित्रही मोठे होतात. उन्हाळ्यात देशातून आई-बाबा किंवा सासू-सासरे चार-सहा महिने मुक्कामाला येतात. त्यात एखाद्या वर्षी मंडळाच्या कमिटीवर नाव लागलं, की "मीटिंग तुमच्याकडेच घेऊ, तुमचं बॅकयार्ड छान आहे" हे आलंच. पंधरा माणसांची पॉटलक बघता बघता तीस माणसांची होते, आणि ती बिचारी छोटी जाळी एका वेळी आठ तंगड्या भाजत दुपारभर धुमसत राहते. चिमटा हातात धरलेला गृहस्थ सगळ्यांचं झाल्यावर, साडेतीन वाजता, गार झालेल्या बटाट्याच्या भाजीबरोबर जेवतो.

तेव्हा मोठी ग्रिल घ्यावी असं वाटणं साहजिक आहे. पण दुकानात जाण्यापूर्वी गेल्या उन्हाळ्यातली आपल्या घरची एखादी पार्टी डोळ्यांपुढे आणा आणि बघा, की सगळ्यात कमी कोण जेवलं?

माझा अनुभव असा, की ती व्यक्ती बहुधा डेकच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत, शाल पांघरून बसलेली असते. "आजी, कणीस देऊ का भाजून?" म्हणून विचारलं तर "नको गं बाई, आत्ताच चहा झाला" असं उत्तर येतं. चहा वगैरे काही झालेला नसतो. आजींनी फक्त पाहिलेलं असतं, की ज्या जाळीवर आणि ज्या चिमट्याने आता कणीस उलटणार, त्यावरच मघाशी चिकन उलटलं होतं. कोणाच्या आनंदात मीठ टाकायचं नाही म्हणून त्या बोलत नाहीत. थोड्या वेळाने घरात जाऊन वाटीभर दहीभात खाऊन येतात. आणि हल्ली तर गाडी उलटीही धावते! आजोबा आवडीने कबाब मागतात आणि कॉलेजातून आलेली नात सांगते, की ती आता मांसच काय, दूधही घेत नाही. ती काही दहीभातही खाणार नाही. म्हणजे दोन पिढ्या, कारणं निरनिराळी, पण अडचण एकच: जाळी एक आणि पंगती दोन.

ही अडचण चौरस इंचांनी सुटत नाही. म्हणून माझं उत्तर आधीच सांगून टाकते, मग त्यामागचा हिशेब मांडते. आपल्यासारख्या मिश्र घरांनी एक भली मोठी ग्रिल घेण्यापेक्षा दोन मध्यम आकाराच्या कराव्यात. जुनी धडधाकट असेल तर ती ठेवावी आणि तिच्या जोडीला वेगळ्या कामाची दुसरी घ्यावी.

आधी थोडं गणित

अमेरिकेत घरोघरी दिसणारी ती काळी, गोल, तीन पायांची केटल आपल्या शिकागोकर मंडळींच्या शेजारचीच. जॉर्ज स्टीव्हन नावाचे गृहस्थ तिथल्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यात काम करत. त्या कारखान्यात पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या बोया तयार होत. उघड्या शेगडीवर वारा आणि राख यांनी बेजार झालेल्या स्टीव्हन यांनी १९५२ साली अशा गोलाचे दोन अर्धे घेतले, खालच्याला पाय लावले, वरच्याला दांडी लावली आणि झाकणाची ग्रिल तयार केली. झाकण आलं आणि ग्रिलची भट्टी झाली. सगळी गंमत त्या झाकणात आहे.

या केटलचे नेहमीचे आकार १८, २२ आणि २६ इंची. जाळीचं क्षेत्रफळ अनुक्रमे सुमारे २४०, ३६३ आणि ५०८ चौरस इंच. शाळेतलं वर्तुळाचं सूत्र आठवा: व्यास चारच इंच वाढला, पण जागा १८ वरून २२ वर जाताना दीडपट झाली. त्यामुळे १८ इंचीवर दिवस काढणाऱ्यांना २२ इंचीवर जाणं खरोखर जाणवतं.

आता यात माणसं किती जेवतील? चिकनच्या एका मांडीच्या तुकड्याला हवा खेळायला मोकळी जागा धरून १८ चौरस इंच लागतात असं समजू. चिकन नीट शिजवायचं तर ते निखाऱ्यांच्या डोक्यावर ठेवून चालत नाही, बाहेरून कोळसा आणि आत कच्चं राहतं. म्हणून निखारे एका बाजूला सारायचे आणि तुकडे दुसऱ्या बाजूला ठेवून झाकण लावायचं. याचा अर्थ अर्धीच जाळी कामाची. २२ इंचीच्या अर्ध्या भागावर दहा तुकडे बसतात, २६ इंचीवर चौदा. चाळीस तुकडे करायचे आणि प्रत्येक घाण्याला पाऊण तास लागतो असं धरलं, तर २२ इंचीवर चार घाणे, म्हणजे तीन तास. २६ इंचीवर तीन घाणे, म्हणजे सव्वादोन तास. जास्त पैसे मोजून पाऊण तास वाचला. गृहस्थ साडेतीनऐवजी पावणेतीनला जेवला, आणि आजींचा दहीभात आहे तिथेच आहे.

आता उभा स्मोकर घ्या, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा. तळाला निखारे, मध्ये पाण्याची परात, तिच्यावर एकावर एक दोन जाळ्या. हाच प्रकार वेबरने १९८१ मध्ये बाजारात आणला. यात परात आड येत असल्यामुळे दोन्ही जाळ्यांवर कुठेच थेट आच लागत नाही, सगळी जागा वापरता येते. १८ इंचीत दोन जाळ्या मिळून ४८१ चौरस इंच, म्हणजे एका वेळी सव्वीस तुकडे. २२ इंचीत ७२६ चौरस इंच, म्हणजे चाळीस तुकडे एका दमात! जमिनीवरची जागा मात्र केटलएवढीच अडते. वेळ लागतो दीड तास, पण त्या दीड तासात कोणी चिमटा घेऊन उभं राहावं लागत नाही. म्हणून "जागा किती" हे विचारताना "त्यातली वापरायची किती" हेही विचारा.

आणखी एक सावधगिरी. पुष्कळ कंपन्या खोक्यावर जो मोठा आकडा छापतात त्यात वरची अरुंद, पदार्थ कोमट ठेवायची जाळीही धरलेली असते. विक्रेत्याला मुख्य जाळीची लांबी-रुंदी विचारा, किंवा सरळ पर्समधून टेप काढून मोजा. लाजू नका, साडीचा पन्ना आपण मोजतोच की!

कोणता प्रकार कोणाला?

गॅसची ग्रिल: कामावरून सहाला घरी येऊन साडेसहाला जेवायला वाढायचं असेल तर हिच्यासारखी दुसरी नाही. फक्त बीटीयूच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. तो आकडा ताशी किती गॅस जळेल ते सांगतो, किती छान भाजलं जाईल ते नव्हे. हिशेब सोपा आहे. प्रोपेनच्या एका पौंडात साधारण २१,५०० बीटीयू उष्णता असते. अदलाबदलीच्या टाकीत बहुधा १५ पौंड गॅस भरलेला असतो. चाळीस हजार बीटीयूची ग्रिल पूर्ण आचेवर ठेवली तर ती टाकी आठ तास चालेल, साठ हजारांची ठेवली तर जेमतेम साडेपाच. गॅरेजात वीस-पंचवीस वर्षांची जुनी टाकी पडून असेल तर तिची झडप पाहा. २००२ पासून तिकोनी चाकाची, जास्त गॅस भरू न देणारी झडप असल्याशिवाय टाकी भरून देत नाहीत.

कोळशाची केटल: कांदा, कणीस, वांगं, पनीर, यांना निखाऱ्याची थेट आच लागते आणि ती केटलइतकी स्वस्तात कुठेच मिळत नाही. या कोळशाच्या चौकोनी गोळ्या घरोघरी पोचल्या त्यामागे हेन्री फोर्ड आहेत, हे डेट्रॉइटच्या मंडळींना ठाऊक असेल. मोटारीच्या लाकडी भागांसाठी मिशिगनमध्ये झाडं कापली जात, त्यातून उरलेल्या लाकडाचं काय करायचं म्हणून १९२० च्या दशकात त्यांनी कोळशाच्या गोळ्यांचा कारखाना काढला आणि त्या गोळ्या फोर्डच्या विक्रेत्यांकडे विकल्या जाऊ लागल्या. एक सूचना: रॉकेलसारखा वास येणारं ते द्रव शिंपडू नका. चिमणी म्हणून पत्र्याचं नळकांडं मिळतं, त्यात कोळसे भरून खाली कागद पेटवला की वीस मिनिटांत निखारे फुलतात. भरताला वास लागत नाही.

स्मोकर: आपण डाळीला धुंगार देतो ना? वाटीत निखारा, त्यावर तुपाचा थेंब, वर झाकण. स्मोकर म्हणजे तोच धुंगार, पण तासन्‌तास. तापमान २२५ ते २७५ अंश फॅरनहाइट. चिवट मांसातला चिकट भाग इतक्या मंद आचेवर हळूहळू विरघळतो आणि मांस लोण्यासारखं होतं. टेक्सासमध्ये हे गाईच्या छातीच्या मांसाचं करतात. आपल्याकडे बरीच घरं ते खात नाहीत, पण बकऱ्याचा हाडासकट खांदा आलं-लसूण, दही आणि गोडा मसाला लावून याच रीतीने पाच तास ठेवून पाहा. लाकूड सफरचंदाचं किंवा चेरीचं घ्या, ते सौम्य असतं. हिकरी उग्र, मेस्किट त्याहून उग्र. दोन-तीन ठोकळे पुरतात. धूर पातळ, निळसर हवा. दाट पांढरा धूर निघत असेल तर पदार्थ कडू होणार हे नक्की.

आडवा, बाजूला चूल असलेला स्मोकर: लोखंडी पिंपासारखा, दिसायला रुबाबदार, आणि "मोठी घ्यायची" म्हटलं की पुरुषमंडळींची नजर पहिल्यांदा त्यावरच जाते. जाड पत्र्याचा असेल तर उत्तम चालतो, पण तो उचलायला चार माणसं लागतात. स्वस्तातला पातळ पत्र्याचा घेतला तर उष्णता टिकत नाही आणि दर अर्ध्या तासाने लाकूड घालत बसावं लागतं. ज्यांना हा छंदच आहे त्यांनी जरूर घ्यावा. पाहुणे बोलावून स्वतः चुलीपाशी बसायची ज्यांची तयारी नाही, त्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

पेलेटची ग्रिल: लाकडाच्या भुशाच्या बारीक गोळ्या विजेवर चालणारा स्क्रू आपोआप आत ढकलतो. ओरेगन राज्यातल्या जो ट्रेगर यांनी १९८६ मध्ये याचं पेटंट मिळवलं. ओव्हनसारखा आकडा लावायचा आणि आपल्या कामाला लागायचं. नोकरी करणाऱ्या घराला सोयीची. मात्र वीज लागते, आणि कणसाला हवी तशी धगधगीत आच बहुतेक मॉडेलांत मिळत नाही.

मातीची अंडाकृती भट्टी: जपानी कामादोची ही नात. जपानीत कामादो म्हणजे चूलच! जपानमध्ये राहून आलेल्या अमेरिकन सैनिकांना ती आवडली, आणि अटलांटात एड फिशर यांनी १९७४ मध्ये आपला हिरवा अंड्याचा धंदा सुरू केला. जाड भिंतींमुळे कोळसा फार थोडा लागतो, मंद आच तासन्‌तास टिकते, आणि मनात आणलं तर तंदूरसारखी तापते. गुण पुष्कळ, पण महाग, वजनाने दीडशे पौंडांच्या वर आणि जागा बेताची. मोठ्या गर्दीसाठी हे उत्तर नव्हे.

दोन मडकी

दोन आगींची कल्पना काही मी इथे येऊन काढलेली नाही. रायगड जिल्ह्यात, अलिबाग-पेण-रोह्याकडे, थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, मसाला लावलेलं चिकन, जाडं मीठ, ओवा. पाण्याचा थेंब नाही. पुन्हा पाल्याने तोंड बंद करायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि सभोवती पेंढा-पाचोळ्याचा जाळ करायचा. पाल्याच्या आणि शेंगांच्या वाफेवर सगळं शिजतं. बंद भांड्यात कोरडी भट्टी करण्याची युक्ती आपल्या माणसांना केटलच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. आणि मंडळींत चिकन न खाणारं कोणी असलं, की त्यांचं मडकं निराळं लागतं. त्यासाठी कोणी मोठं मडकं शोधत नाही!

खानदेशातली भरीत पार्टी घ्या. कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर हिरवी-पांढरी वांगी भाजतात. जळगावच्या या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. हुरड्याची आगटी घ्या, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ज्वारीची कणसं. या आपल्या अस्सल बार्बेक्यूमध्ये शाकाहारी पदार्थ कोपऱ्यात ढकललेला नसतो. त्याच्यासाठीच तर आग पेटवलेली असते. इथल्या अंगणात आपण आल्यावर मात्र वांगं आणि कणीस "साइड डिश" झालं, आणि त्याबरोबर ते खाणारी माणसंही.

म्हणून दोन ग्रिल्स घ्या म्हणते, आणि त्यांची वाटणी अशी करा. मांस स्मोकरवर किंवा पेलेटवर, कारण त्याला मंद आच, जास्त जागा आणि वेळ लागतो. शाकाहारी पदार्थ केटलवर किंवा गॅसवर, कारण त्यांना झणझणीत आच आणि दहा-पंधरा मिनिटं पुरतात. पूर्ण जाळी आचेवर वापरली तर २२ इंची केटलवर एका वेळी सोळा-सतरा कणसं सहज बसतात. तीस माणसांना दोन घाणे, अर्धा तास.

आता जुन्या केटलवर दहा वर्षं चिकन भाजलेलं असेल तर तीच आजींना कशी द्यायची? घासून-पुसून द्यायची नाही. तिची जाळी सुटी विकत मिळते, ती नवी घ्या. आतलं भांडं आणि झाकण खरवडून, धुऊन, एकदा रिकामं कडकडीत तापवा. चिमटा, ब्रश, ताट नवीन आणि वेगळ्या रंगाच्या मुठीचं. आणि हे सगळं आजींच्या देखत करा, नव्हे, त्यांनाच जाळी निवडायला दुकानात घेऊन जा. जमत असेल तर त्याहून चांगलं म्हणजे नवी विकत घेतलेली ग्रिलच शाकाहारी ठेवायची आणि जुनी मांसाहाराला द्यायची. घरातली नवी वस्तू कोणाच्या वाट्याला आली, हे सगळ्यांना न बोलता कळतं.

वाढायचा क्रमही बदला. तीस माणसांची पार्टी एक वाजता असेल तर साडेदहाला स्मोकर पेटवा, अकराला चिकन आत. साडेबाराला केटलवर कणसं, कांदे, भरलेल्या ढोबळ्या मिरच्या, पनीर. पहिली वांगी त्याआधीच भाजून भरीत कालवून ठेवा. एक वाजता शाकाहारी ताटं आधी जाऊ द्यात, चिकन झाकून गरम राहतं. ज्याच्या हातात चिमटा आहे तोही दीडला सगळ्यांबरोबर बसतो.

"पण आमच्याकडे..."

आता शंका. "आमच्याकडे सगळेच खातात." मग प्रश्नच मिटला, तुम्ही खुशाल मोठी घ्या, आणि घ्यायचीच तर वर मांडलेल्या हिशेबाने दोन जाळ्यांचा स्मोकर आधी बघा. "आम्ही चौघंच, पार्टी वर्षातून दोनदा." मग वर्षातल्या त्या दोन दिवसांसाठी तीनशे त्रेसष्ट दिवस मोठं धूड झाकून ठेवू नका, त्या दिवशी मित्राची केटल मागून आणा. मोठ्या भट्टीत दोन मक्याची कणसं भाजायलाही कोळसा भरपूर जातो. "मंडळाच्या पिकनिकसाठी?" मंडळाने ग्रिल विकत घेतली की ती कोणाच्या गॅरेजात ठेवायची यावर पुढल्या निवडणुकीपर्यंत वाद चालतो! भाड्याने आणा, आणि दोन आणा.

"आम्ही अपार्टमेंटमध्ये राहतो." तर आधी लीज वाचा. पुष्कळ गावांनी स्वीकारलेल्या अग्निसुरक्षेच्या नियमांनुसार अनेक बिऱ्हाडांच्या इमारतीत लाकडी बाल्कनीवर किंवा इमारतीच्या लाकडी भागापासून दहा फुटांच्या आत कोळशाची आणि मोठ्या टाकीची ग्रिल चालत नाही. तुमच्यासाठी काउंटी पार्कातली लोखंडी शेगडी आहे. घरून एक बिडाचा तवा न्या आणि शाकाहारी पदार्थ त्यावर करा. जाळी एकच असेल अशा कोणाही घराला हाच मार्ग: तवा वेगळा, चिमटा वेगळा, आणि शाकाहारी आधी.

स्वतःच्या घरातही ग्रिल भिंतीच्या साइडिंगपासून आणि छपराच्या वळचणीपासून लांब ठेवा. पाऊस आला म्हणून गॅरेजात ओढू नका. दार उघडं असलं तरी कोळशाच्या निखाऱ्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो, आणि त्याला वास नसतो. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत दोन दिवस थंड होऊ द्या, मगच कचऱ्यात. मांसाचा थर्मामीटर दहा-पंधरा डॉलरला मिळतो. चिकन आत १६५ अंश फॅरनहाइट झालं पाहिजे, खिमा १६०. रंगावर जाऊ नका, हळद-तिखटात सगळंच लाल दिसतं. वाढलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि नव्वद अंशांच्या उन्हात एकच तास. कच्चं चिकन मुरवलेलं दही वरून लावायला परत वापरू नका.

खरेदीची घाई नसेल तर लेबर डेपर्यंत थांबा. हंगाम संपत आला की दुकानं भाव उतरवतात. यंदा उन्हाळ्यात पाहुणे येणार असतील तर मात्र निदान नवी जाळी आणि दुसरा चिमटा आताच आणून ठेवा, त्याला फारसा खर्च नाही.

पुढच्या अंकात केटलमध्ये पोपटी लावायची कृती देणार आहे. भांबुर्डीचा पाला काही इथे मिळत नाही. केळीची पानं फ्रोझन मिळतात, पण त्यांना तो वास नाही. तुम्हांपैकी कोणी ओवा, पुदिना, आणखी काही घालून हा प्रश्न सोडवला असेल तर अंक छापायला जाण्यापूर्वी जरूर कळवा. आणि तुमच्याकडच्या आजी काय म्हणाल्या, तेही.